फरशीवर ऊन असताना

४ तारीख, सोमवार

पहिल्याच दिवशी मला फरशी पुसायला शिकवायला निघाल्या. मला! फरशा पुसून माझ्या गुडघ्यांची वाट लागली, त्याच फरशांवर पोरगी वाढवली, शिकवली, तिचं लग्न लावून दिलं, आणि ही बाई मला सांगते की फरशीवर ऊन असताना पुसायचं नाही. आधी पडदे ओढायचे, दिवा लावायचा, मग फडका. का, तर म्हणे डाग राहतात. अगं बाई, उन्हात फरशी लवकर वाळते हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी तसं तोंडावर म्हटलंही. ती म्हणाली, डाग राहतात. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. जशी काही टेप अडकली आहे.

ही आमची सुपरवायझर. कपड्याला एक चुणी नाही, चेहऱ्यालाही नाही. मी तिचं नाव इस्त्रीबाई ठेवलं. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर ते पसरलंसुद्धा. कामगार पोटभर हसले.

बाकी, खोटं कशाला लिहू, जागा झकास आहे. हॉटेल डोंगराच्या अगदी टोकावर. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला पाणीच पाणी. सूर्य दरीतून वर येतो आणि पाण्यात बुडतो, आणि ते बघायला लोक लांबून लांबून येतात. आमच्या खोलीत सूर्य पत्र्यावरून यायचा आणि टाळकं तापवून जायचा. त्याला बघायला कधी कुणी आलं नाही.

वरच्या मजल्यावर सगळे बाल्कनीवाले सूट. काही सकाळच्या बाजूचे, काही संध्याकाळच्या. कोपऱ्यातल्या एकालाच दोन्हीकडे बाल्कनी. त्याचं जाहिरातीतलं नाव लांबलचक आणि गोड आहे, कामगार त्याला दुतोंडी म्हणतात. पलंग एवढा की आमचं अख्खं घर त्यावर मांडून वर पाहुणा बसवता येईल. फरशी पांढरीशुभ्र. दुतोंडी माझ्याकडे दिलाय.

मॅनेजर साहेब तरणे आहेत, गोड बोलतात. संध्याकाळी केबिनच्या खिडकीशी कॉफी घेऊन पाण्याकडे बघत उभे राहतात, तेव्हा त्यांची सावली दारातून बाहेर पार कॉरिडॉरमध्ये येते. मी म्हटलं, साहेब, तुम्ही आत आणि सावली बाहेर पहाऱ्याला, बरं आहे. खूप हसले. मग म्हणाले, इथे नवीन माणसाच्या घरच्यांना एक रात्र सूटमध्ये राहायला देतात, आपण पाहुण्यांना काय देतो ते आपल्या माणसांनाही कळावं म्हणून. कोणाला बोलावणार, मावशी? मी विचार करायलाही थांबले नाही. पोरीला आणि जावयाला. लग्न झाल्यापासून बिचारी दोघं कुठे गेलीच नाहीत.

ही वहीसुद्धा पोरीचीच. म्हणाली, आई, रोज फोनवर माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिही, वहीला कान नाहीत. चार इयत्ता शिकले, चुका होतील. झाल्या तर झाल्या.

६ तारीख, बुधवार

राहायला दिलेली खोली छोटी पण कोरडी. नळाला गरम पाणी! मी आज दोनदा आंघोळ केली, उगाच.

जेवणाच्या खोलीत एक गंमत. इस्त्रीबाई स्वतःचं ताट वाढून घेते आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे दुसरं ताट मांडते. वाढतेसुद्धा. मी नवीन, मला काय माहीत, मी जाऊन त्या खुर्चीत बसले. तिने असं काही पाहिलं की घास घशात अडकावा. उठा, म्हणाली. मी उठले. स्वयंपाकी हळूच म्हणाला, मावशी, तिचं जरा हललेलं आहे, मनावर घेऊ नका. कामाला वाघ आहे म्हणून साहेब ठेवतात. जाताना बघितलं तर दोन्ही ताटं रिकामी. म्हणजे दोन माणसांचं एकटी खाते आणि अंगावर मांस नाही. नशीबवान आहे.

दुतोंडीत एक जोडपं आलंय. बाई सारखी फोनवर. साहेब गोलमटोल, डोक्यावर गवती टोपी, बोलायला मोकळे. संध्याकाळी ते पाण्याकडच्या बाल्कनीत कठड्याला टेकून उभे होते. मला अजून दोन सूट उरकायचे होते, पडदे ओढायचे तर त्यांचा सूर्यास्त झाकायचा. ऊन असतानाच पुसून घेतलं. त्यांची सावली टोपीसकट दाराच्या आत, फरशीवर. मी म्हटलं, साहेब, सावली जरा उचला, फरशी ओली होतेय. ते म्हणाले, राहू द्या मावशी, तीही धुऊन निघू दे, बरीच मळली आहे.

बादलीतलं पाणी मात्र काळं ठिक्कर झालं. आधीची बाई काय झोपा काढत होती की काय? फरशी बघितली तर कुठे धूळ नाही. मग काळं आलं कुठून?

७ तारीख, गुरुवार

मोठ्या घरच्या लोकांचं काही कळत नाही. टोपीवाले साहेब सकाळी पोर्चमध्ये बायकोच्या मागे उभे. ती गाडीत बसली, दार लावलं, गाडी गेली. ते तिथेच! तिने मान वळवून पाहिलं नाही. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, अगं, त्यांना विचार तरी, चहा दे. ती म्हणाली, कोणाला? मी म्हटलं, डोळे फुटले का? ती माझ्याकडे अशी बघायला लागली जसं मीच काही खाऊन आले आहे. त्या खोलीत बाई एकट्याच होत्या मावशी, म्हणाली.

हे असलं. भांडण नवराबायकोचं, आणि सांभाळून घ्यायला हॉटेल खोटं बोलतं.

टोपीवाले साहेब म्हणाले, थंडी वाजते. भर उन्हात! मी ट्रॉलीवरचं ब्लँकेट दिलं.

संध्याकाळी दुतोंडी रिकामा होता. फरशीवर ऊन आलं आणि बाल्कनीच्या दाराशी एक काळपट डाग उठला. घासला, हलला नाही. ऊन गेलं तसा डागही गेला. इस्त्रीबाई दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. विचारलं, उन्हात पुसलंत? मी कशाला खोटं बोलू. पुसलं, म्हटलं, काय बिघडलं? ती माझ्या हातातली बादली घेऊन निघून गेली. आता दुतोंडीत मी फक्त चादरी बदलायच्या, फरशी ती स्वतः पुसणार.

पुसू दे. माझे गुडघे वाचले.

९ तारीख, शनिवार

टोपीवाले अजून इथेच आहेत. कॉरिडॉरमध्ये फिरतात, मला बघितलं की मागे मागे येतात. आमची खोली कुठली हो मावशी? हिला पाहिलंत का? बायको टाकून गेली म्हणून डोक्यावर परिणाम झाला असणार. ट्रॉलीवरचा चहा देते. लिफ्टपाशी बोलत होते तर लिफ्टवाला म्हणतो, मावशी, वय झालं की माणूस स्वतःशी बोलायला लागतं, माझी आजी पण बोलायची. मी त्याला चांगला सुनावला.

पण एक आहे. लिफ्टचं दार त्यांच्या अंगावर बंद होत होतं आणि लिफ्टवाल्याने हात घातला नाही. तो तसा वाईट नाही.

उद्या पोरगी येतेय! उशांचे अभ्रे मी स्वतः निवडले.

१० तारीख, रविवार

आली. वाळलीय थोडी. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. मग पलंगावर उडी. एवढी मोठी झाली, लग्न झालं, पण उडी तीच. जावईबापू लाजत लाजत बूट बाहेर काढून आले. मी म्हटलं, आज हे घर तुमचं, लाजताय कसले. ते म्हणाले, आई, इथे नळ कुठला आणि दिवा कुठला तेच कळत नाही, चुकून भलतंच दाबलं तर? पोरगी हसून हसून लोळली.

इस्त्रीबाईने मला दारातच बजावलं होतं, आज तुम्ही पाहुण्या आहात, कशाला हात लावू नका. कशालाही. वर बादली ठेवायची खोली कुलूप लावून बंद. मला हसू आलं. मी काय माझ्या पोरीच्या दिवशी कामाला जुंपणार आहे?

संध्याकाळी पोरगी पाण्याकडच्या बाल्कनीत उभी होती. वेणीचं टोक तोंडात. लहानपणापासूनची खोड, किती मारलं तरी गेली नाही. सूर्य लालबुंद. पोरीची सावली माझ्या पायाशी आलेली, वेणीसकट. मला एवढं बरं वाटलं, की आपण एवढी वर्षं जे केलं ते यासाठीच.

आणि जावयाच्या हातून चहा सांडला. पांढऱ्या फरशीवर, मधोमध. तो बिचारा घाबरा. पोरगी बाल्कनीतूनच ओरडली, आई, खबरदार, आज तू बसायचं. पण माझ्या डोळ्यांदेखत फरशीवर चहा वाळतोय आणि मी बसू? हे माझ्याने होत नाही. बाथरूममधला टॉवेल ओला केला आणि पुसून घेतलं. तिथपासून बाल्कनीच्या दारापर्यंत, एक हात मारला तर सगळंच.

पोरगी आत आली. म्हणाली, आई, एकदम गार झालं गं.

टॉवेल काळा झालाय. चहाचा काळा नव्हे.

११ तारीख, सोमवार

काय लिहू.

सकाळी वेटर नाश्ता घेऊन आला, एकाच माणसाचा. पोरगी म्हणाली, माझा? तो जावयाकडे बघून हसला आणि गेला. जावई एकटा खायला बसला. तिला म्हणालाही नाही, ये. दरीकडच्या बाल्कनीत सूर्य वर येताना त्याने फोटो काढले. ती शेजारी उभी. त्याने फोनमध्ये फोटो बघितले आणि तिला दाखवले नाहीत.

नंतर खाली आला. एकच बॅग, त्याची. मी जिन्याशी उभी होते. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, थँक यू मावशी, छान सोय होती.

मावशी. काल मला आई म्हणत होता.

पोरगी चपला घालायलाही न थांबता त्याच्या मागे पळाली. गाडीच्या काचेवर हात आपटले. तो आरशात बघून केस नीट करत होता. गाडी गेली. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, सगळं पोर्च गोळा झालं, आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. तिच्याकडे एक नाही.

तिला माझ्या खोलीवर आणलं. अंगणातून येताना ऊन होतं. आम्ही दोघी, हातात हात. जमिनीवर सावली एकीचीच.

माझी.

१२ तारीख, मंगळवार

इस्त्रीबाईला धरलं. चादरींच्या खोलीत कोंडलं आणि म्हटलं, आता बोल. ती बोलली.

ती आणि तिची धाकटी बहीण इथे एकत्र कामाला लागल्या. सकाळच्या बाजूच्या सूटमध्ये बहीण पडदे लावत होती आणि ही फरशी पुसत होती, उन्हात. तेव्हापासून बहीण कुणाला दिसत नाही. हिला दिसते. ज्याने पुसलं त्यालाच दिसतं. म्हणून ते दुसरं ताट. म्हणून ती बढती सोडून याच मजल्यावर राहिली. त्या सूटची फरशी कुणाला उचलू देत नाही, कारण सावली फरशीत आहे, आणि फरशी आहे तोवर माणूस आहे.

मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस, मेल्ये? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात.

हसले असते. ती खोटं बोलत नाही.

म्हणजे टोपीवाले. तेही मीच.

१३ तारीख, बुधवार

संध्याकाळी दुतोंडीत गेलो, मी आणि पोरगी. फरशीवर ऊन आलं तसे डाग वर आले. एक टोपीचा. एक वेणीचा. वेणीचं टोक तोंडात. बाल्कनीत कुणी नाही, आणि सावली फरशीवर उभी.

तिला त्याच जागी उभं केलं, कठड्याला तसंच टेकवलं. म्हटलं, आता लागेल जोड. तिने हात वर केला. सावलीने केला नाही. ती हाका मारायला लागली, स्वतःच्याच सावलीला. मला ऐकवेना.

टोपीवाले दाराशी आले आणि आपल्या डागाकडे बघत राहिले. मी पाया पडले त्यांच्या. ते म्हणाले, मावशी, ही कुणाची टोपी?

आज जेवणाच्या खोलीत मी दोन ताटं घेतली. स्वयंपाकी माझ्याकडे बघत राहिला. मला आता कळतं तो कसा बघतो. इस्त्रीबाईने आपली खुर्ची सरकवून आमच्यासाठी जागा केली.

१४ तारीख, गुरुवार

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. म्हणाले, दुतोंडीची फरशी खराब झालीय, संध्याकाळच्या फोटोंत डाग येतात, लोक तक्रार करतात. सगळी उचलणार. उद्या बाल्कनीच्या दाराजवळची, बाकीची सोमवारी.

मी सगळं सांगितलं. रडले नाही, नीट सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, मावशी, तुमची मुलगी कुठे असते? मी म्हटलं, ही काय तुमच्या समोर. ते माझ्या शेजारी बघून फार मायेने म्हणाले, थोडे दिवस सुट्टी घ्या.

पोरगी त्यांच्यापुढे हात हलवत होती.

१५ तारीख, शुक्रवार

कामगार आले. मी आडवी पडले, दोघांनी उचलून बाहेर ठेवलं, शिव्या देत नव्हते, जपून ठेवलं. दाराजवळची ओळ उखडली. टोपीची ओळ.

कॉरिडॉरमध्ये टोपीवाले माझ्याशी बोलत होते. मावशी, आमची खोली—

ब्लँकेट खाली पडलं. आत कुणी नाही.

पोरीने बघितलं. माझा पदर धरून बसलीय.

१६ तारीख, शनिवार

तिची सावली मधल्या ओळींत आहे. फक्त पाय दाराकडे होते, ते गेले.

ती चालत नाही आज. म्हणते पाय आहेत, पण लागत नाहीत जमिनीला.

जावयाला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाला. मी तिचं नाव घेतलं. राँग नंबर मॅडम.

लग्नाचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात तो एकटा हार घालून—

१७ तारीख, रविवार

दुतोंडीत आहे. आतून कडी लावली, पलंग ओढून दाराला लावला. एवढा मोठा पलंग आज कामाला आला. इस्त्रीबाई बाहेर बसलीय, कुणाला येऊ देत नाही. मी तिला नावं ठेवली होती.

पोरगी फरशीवर झोपलीय, आपल्या सावलीवर गाल ठेवून. तिच्यातून फरशी दिसते. ऊन कललं की सावली गडद होते आणि ती फिकी. मी पडदा ओढते, मग थोडी बरी असते.

गार आहे, म्हणाली. मी शेजारी झोपले, तशी ती लहान असताना झोपायची. गारच.

साहेब दारावर येऊन गेले. मावशी, हट्ट करू नका, उद्या माणसं येणार.

म्हणून हे लिहितेय. वहीतलं हे पान फाडून दाराखालून सरकवते. इस्त्रीबाई, साहेबांना वाचून दाखव.

साहेब, मला दया नको, सुट्टी नको. एका ओळीचं उत्तर पाहिजे. ही फरशी राहणार की नाही. राहणार असेल तर मी जन्मभर इथे राबेन, एक शब्द बोलणार नाही, या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली मला द्या. उद्या सोमवार. माणसं यायच्या आत उत्तर द्या.

नाही दिलंत, फरशी उचललीत, तर मला अडवायला काही राहणार नाही, एवढं लक्षात ठेवा. संध्याकाळी तुम्ही खिडकीशी कॉफी घेऊन उभे राहता. सावली दाराबाहेर येते. कॉरिडॉर पुसायचं काम माझ्याकडेच आहे. फडका ओला आहे. तुम्हाला आई असेल, बायको असेल, त्या तुमच्या अंगावरून निघून जातील आणि तुम्ही फक्त मलाच दिसाल, आणि मी तुमच्याकडे बघणार नाही, साहेब, मी मान फिरवून—

पोरगी काहीतरी म्हणतेय. आवाज येत नाही, ओठ हलतात. पडदा सरकलाय, ऊन

सोमवार, साहेब. सोमवारी सकाळपर्यंत. नाहीतर मी फडका पिळून